उजव्या हाताची तीन बोटं

“काका, आता ओढा. हळूहळू ओढा,” राहुल म्हणाला.

गेमिंग पार्लरमधले कंट्रोलर दुरुस्त करणाऱ्या वाल्मिकने डोळे मिटले आणि हातातल्या नव्या कंट्रोलरच्या मागचा उजवा घोडा ओढला. बाकी सगळे त्याला ट्रिगर म्हणत, वाल्मिक बंदुकीसारखा घोडाच म्हणे. समोरच्या पडद्यावर एक शिकारी धनुष्याची दोरी कानापर्यंत ताणत होता. हा नवा नमुना सकाळी ठेवून गेलेला विक्रेता पंडित सांगून गेला होता, की या घोड्याच्या पोटातच एक इवलीशी मोटर आहे. दोरी जशी ताणत जाईल तशी तिची बारीक थरथर बोटाच्या टोकाला लागते. असा कंट्रोलर सुरतेत अजून कोणाकडे नाही.

वाल्मिकने पुन्हा ओढला. मग तिसऱ्यांदा.

“लागलं का काही?” मालक बन्सीलालने विचारलं.

“काही नाही,” वाल्मिक डोळे उघडत म्हणाला. “मोटर बंद आहे. पीसच मेलेला आहे.”

राहुलने खुर्चीच्या हातावर अशी थाप मारली की शेजारच्या पडद्यावर क्रिकेट खेळणाऱ्याची विकेट गेली. “बघा भाऊजी! मी काय सांगत होतो? सब नाटक आहे. कंट्रोलरमध्ये मोटर, कंट्रोलरमध्ये स्पीकर. अरे, पावर मशीनमध्ये पाहिजे!”

सुरतेच्या उधना भागातल्या या गेमिंग पार्लरमध्ये गेले पंधरा दिवस हाच वाद पेटला होता. बन्सीलाल मूळचा खानदेशातल्या दोंडाईचाचा. राहुल त्याचा मेहुणा आणि धंद्यातला भागीदार. दिवाळीच्या आधी एकच मोठी खरेदी करता येणार होती. राहुलला दोन नवी दमदार मशीनं हवी होती. पडद्यावर घामाचा थेंबसुद्धा दिसला पाहिजे, गाडी वळताना चित्र अडखळता कामा नये, पोरं त्यासाठीच येतात, असं त्याचं म्हणणं. वाल्मिकचं म्हणणं अगदी उलट. डोळा आठ दिवसांत सरावतो, मग घामाचा थेंबही दिसेनासा होतो. हात मात्र विसरत नाही, म्हणून नवे कंट्रोलर घ्या. पूर्वी हलवून खेळायच्या कांड्या आल्या होत्या, तेव्हा शेजारचं भारीतलं मशीन धूळ खात पडलं होतं आणि बायाबापड्या पदर खोचून टेनिस खेळायला रांगेत उभ्या होत्या, याची तो आठवण करून द्यायचा. राहुल लगेच विचारायचा, “आणि सहा महिन्यांनी त्या कांड्या कुठे गेल्या काका? माळ्यावर, पोत्यात!” तेही खरंच होतं. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर वाद मिटत नव्हता.

बन्सीलालला खेळातलं ओ की ठो कळत नसे. त्याला कळायची ती माणसं. त्याने ठरवून टाकलं होतं, की वाल्मिकभाऊ हात लावून काय सांगतात ते बघायचं आणि तसं करायचं. वाल्मिकच्या हातावर त्याचा इतका भरवसा होता. आणि आज कंट्रोलरच्या बाजूचाच माणूस कंट्रोलरला मेलेलं म्हणत होता, मग शंका घ्यायला जागाच कुठे उरली? राहुलने तर तो पीस हातातसुद्धा घेतला नाही. हवा तसा निकाल लागल्यावर कोण फेरतपासणी करतो?

बन्सीलालने तिथल्या तिथे पंडितला फोन लावला. पंडित तेव्हा कामरेजच्या एका दुकानात माल उतरवत होता.

“तुझा पीस डेड निघाला रे.”

“नाही जी,” पलीकडून पंडितचा वऱ्हाडी आवाज सगळ्यांना ऐकू आला. “माह्यासमोर चालू होता. म्या सोता चालवून पाहिला.”

“वाल्मिकभाऊंनी बघितला. आता बोल.”

पलीकडचा गलका मागे पडला, पंडित दुकानाबाहेर आला असावा. मग पंडित हळू आवाजात म्हणाला, “हा दुसरा होते भाऊ. सेठ म्हणे, अजून एक नमुना मेलेला निघाला त घरी बसजो. म्या उद्या दुपारी येतो. तोवर सेठले नका सांगू.”

वाल्मिकला वाईट वाटलं. त्याने तो पीस पुन्हा उचलला आणि म्हणाला, “थांबा. बघतो काही होतं का.”

कोपऱ्यातल्या टेबलावर वाल्मिकचं राज्य होतं. सतरा वर्षं त्याने याच उधन्यात कापड विणायचे लूम चालवले होते. तिथल्या खडखडाटात कान कामाचे नसतात. ताण्यावर नुसता हात फिरवून धागा कुठे ढिला आहे, कुठे तुटणार आहे, हे सांगावं लागतं. लूमचा कारखाना बंद पडला तेव्हा तो हात तसाच घेऊन वाल्मिक बाहेर आला, टीव्हीचे रिमोट उघडायला शिकला आणि रिमोटवरून कंट्रोलरवर आला. त्याचं अर्धं कौशल्य हातात होतं आणि अर्धं माणसं ओळखण्यात. हरलेला प्रत्येक जण कंट्रोलरला दोष देतो. “काका, बटण लागतच नाही!” वाल्मिक तो कंट्रोलर टेबलावर न्यायचा, उलटासुलटा करायचा, एक फुंकर मारायचा आणि तसाच परत द्यायचा. “घे, झाला.” पुढचा डाव तो माणूस हमखास बरा खेळायचा. नाचता येईना अंगण वाकडं, असं वाल्मिक मागे वळून पुटपुटायचा आणि मिशीत हसायचा.

त्याने पाच स्क्रू काढले. दोन हातातून निसटून खाली पडले. हल्ली असं होत होतं. शर्टाची गुंडी लावायला वेळ लागे, पहाटे हाताला मुंग्या येत. वय झालं, असं म्हणून तो गप्प बसे. मीटरच्या दोन तारा मोटरला लावल्या, तर मीटर सांगत होता सगळं ठीक आहे. वीज पोचते आहे, मोटर फिरते आहे. वाल्मिकने मोटरवर बोट ठेवलं. बोट सांगत होतं, काही नाही. मीटर एक म्हणतो आणि बोट दुसरं. आजवर असं झालं तेव्हा शेवटी बोटच खरं निघालं होतं. वाल्मिकने मीटर बाजूला सारला, सोल्डरिंग गन तापवली आणि मोटरची तार नव्याने जोडायला घेतली.

काहीतरी जळाल्याचा वास आला.

त्याने गन बाजूला ठेवली आणि बोर्डावर वाकला. कुठला भाग जळाला? भिंग लावून पाहिलं. एक तार थोडी काळवंडली होती, पण वास तारेचा नव्हता. प्लास्टिकचाही नव्हता. केस जळावा तसा होता. तो शोधत राहिला, बोर्ड उलटा केला, सुलटा केला. मग बोर्ड धरलेल्या आपल्या उजव्या हाताकडे त्याची नजर गेली. तर्जनीच्या टोकावर कातडी पांढरी होऊन वर आली होती आणि तिच्या मधोमध काळा ठिपका होता.

दुखत नव्हतं. अजिबात दुखत नव्हतं.

 त्याने अंगठ्याच्या नखाने त्या बोटाला चिमटा घेतला. मग मधल्या बोटाला. मग अंगठ्याला डाव्या हाताने. तिन्ही बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तशी गप्प होती. करंगळीशेजारचं बोट जेमतेम जागं होतं, नीट हाक दिली ती फक्त करंगळीने. वाल्मिकने घाईघाईने तार परत जोडली, कंट्रोलर बंद केला आणि बोटावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. कोणी पाहिलं नाही ना, म्हणून त्याने तीनदा मागे वळून बघितलं.

त्याला उखामामा आठवला. त्याच्या आईचा धाकटा भाऊ. उखामामाच्या बोटांतही आधी असाच जीव राहिला नव्हता. चुलीतला निखारा हाताने उचलायचा आणि पोरांना गंमत दाखवायचा. पोरं टाळ्या वाजवायची, त्यात वाल्मिकही होता. मग गावात शब्द फिरला, रगतपिती, म्हणजे महारोग. मामाची खाट शेतात गेली. घरच्या लग्नात त्याचं नाव पत्रिकेत नव्हतं. आई मेली तेव्हा मामा स्मशानाच्या कुंपणाबाहेर उभा होता, आणि वाल्मिकने, सख्ख्या भाच्याने, त्याला पाहूनही ओळख दिली नव्हती. ते आठवून आता वाल्मिकला भीती वाटली आणि लाजही वाटली, पण भीती जास्त होती.

घरी रुक्मिणी दारातच साडी पसरून खडे चिकटवत बसली होती. लिंबायतच्या त्या गल्लीत दर घरी हेच काम चाले. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं आणि अहिराणीत विचारलं.

“हातले काय व्हयनं?”

“चटका बसना.”

“आग व्हयी ऱ्हायनी का?”

“नही.”

“पहिले तं एवढासा चटका बसना तरी घर डोकावर लेतस तुम्ही,” रुक्मिणी हसली. “आते मोठा मरद व्हयी गयात!”

वाल्मिकलाही हसावं लागलं. खरं बोलूनही बायकोला खरं कळलं नाही, याचं त्याला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच आणखी भीती वाटली. ही सबंध दिवस त्याच्याच पेल्यातून पाणी पिते. एकाच ताटात कधीकधी खाते. तो तिच्या डब्यातली एक सुई उचलून मोरीत गेला आणि दार लावून घेतलं. तर्जनीला टोचली, लागली नाही. अंगठ्याला टोचली, रक्ताचा थेंब आला तरी लागली नाही. मधल्या बोटालाही नाही. करंगळीला टोचली आणि तो कळवळला. एरवी सुई टोचल्यावर माणूस शिव्या देतो, पण वाल्मिकने ती करंगळी डोळ्यांना लावली.

“झोपी गयात का काय मजार?” रुक्मिणीने मोरीबाहेरून दार वाजवलं. त्याने सुई सदऱ्यात खोचली आणि बाहेर आला. जेवताना तो डाव्या हाताने खायचा प्रयत्न करत होता. रुक्मिणी बघत होती.

सकाळी तो सरकारी दवाखान्यात गेला. केसपेपर काढला. रांगेत त्याच्यापुढे सात माणसं होती, मग पाच, मग तीन. डॉक्टरच्या दारावर त्वचारोगाची पाटी होती आणि बाकड्यावर त्याच्याच गल्लीतला एक ओळखीचा माणूस खरजेचं औषध घ्यायला बसला होता. “काय वाल्मिकभाऊ, तुमचं काय?” त्याने सहज विचारलं. वाल्मिकला वाटलं, हा आता घरी जाऊन सांगेल. उद्या रुक्मिणीला साड्या आणून देणारा माणूस दारातूनच परत जाईल. “काही नाही, दुसऱ्याचा कागद घ्यायला आलो होतो,” असं म्हणून तो उठला आणि पुढे दोनच माणसं उरली असताना बाहेर पडला. केसपेपरची घडी खिशात ठेवली. रस्ता ओलांडताना रिक्षावाला त्याच्यावर ओरडला, तेही त्याला नीट ऐकू आलं नाही.

पार्लरमध्ये पोचला तेव्हा हर्षदा आलेली होती. कापड मार्केटमध्ये एका साडीच्या दुकानात ती हिशोबनीस होती. तिची सुट्टी असेल त्या वारी नेमाने गाडीची शर्यत खेळायला यायची आणि दोन तासांत सगळ्या पोरांना मागे टाकून जायची. आज तिने समोर पडलेला तो नवा कंट्रोलर उचलला होता आणि धनुष्याचा खेळ लावला होता.

“अय्या!” ती एकदम किंचाळली आणि कंट्रोलर जवळजवळ टाकलाच. “यात काहीतरी जिवंत आहे! बोटात दोरी थरथरते हो!” मग पुन्हा ओढून बघितलं आणि खुळ्यासारखी हसत सुटली. “राहुल, हे बघ ना. डोळे मीट आणि ओढ.”

राहुलने ओढलं. त्याच्या तोंडावरचा रुबाब हळूहळू उतरला. त्याने परत ओढलं, मग आणखी एकदा. “च्यायला,” तो म्हणाला, “आ तो मजानु छे!” मग वाल्मिककडे बघून ओरडला, “काका! तुम्ही मुडदा जिवंत केलात! भाऊजी, काकांनी रिपेअर केला!”

सगळे वाल्मिककडे बघायला लागले. बन्सीलालने त्याच्या पाठीवर थाप मारली. “हातच आहे हो तुमचा! कंपनीचा इंजिनिअर काय करेल!” कोणीतरी चहा मागवला. वाल्मिक उभा होता तिथेच उभा राहिला. पीस कालही चालू होता. आजपर्यंत त्याने शंभर माणसांना त्यांचा चांगला कंट्रोलर परत देऊन ‘घे, झाला’ म्हटलं होतं आणि पाठीमागे हसला होता. आज सगळे त्यालाच ‘घे, झाला’ म्हणत होते आणि हसणारं कोणी नव्हतं.

त्याला वाटलं, गप्प बसावं. काय बिघडतं? काम टिकेल, नाव टिकेल. नवे कंट्रोलर आले तर ते उघडून दुरुस्त करायलाही तोच लागेल. सहा महिने, वर्ष, जमेल तितकं डाव्या हातावर रेटता येईल. कोणाला कळणार आहे?

तेवढ्यात पंडित आला. उन्हातून आलेला, चेहरा उतरलेला. कानाला फोन होता आणि फोनमधला माणूस गुजरातीत त्याला फाडून खात होता. सेठला बातमी लागलीच होती. पंडितने फोन बन्सीलालसमोर धरला. “तुमीच सांगा जी त्याले. माह्यासमोर चालू होता. म्या खोटं काहून बोलू?”

“अरे पण डेडच आला होता ना,” राहुल म्हणाला. “काकांनी जिवंत केला तो. काकांना विचार.”

“काकायलेच इचारतो,” पंडित म्हणाला आणि वाल्मिककडे वळला. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो नुसता बघत होता, पेपर कोरा दिलेलं पोर मास्तरकडे बघतं तसा. “काका, खरंच मेलेला होता का? माहीच काही चूक झाली असन त सांगा. पुढं ध्यान ठेवीन. पुढं राहिलं त.”

 ही माणसं आता आपल्यापासून लांब सरकणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. चहाचा पेला वेगळा होणार. टेबल जाणार. रुक्मिणीला कोण सांगेल, आणि कसं सांगेल?  तरीही त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडलेच.

“तो खरं बोलतोय.”

“काय?” बन्सीलालने विचारलं.

“पीस कालपण चालूच होता. मी काही रिपेअर केलेलं नाही. उलट एक तार जाळली, ती परत लावली.” त्याने बोटावरची काळी पट्टी ओढली. ती कातडीसकट सुटली आणि बघणाऱ्या हर्षदाचाच चेहरा वेडावाकडा झाला. वाल्मिकचा झाला नाही. “पीस बरा आहे. माझा हात बरा नाही. या तीन बोटांना काही लागत नाही. हे जळालं, तेही मला वासावरून कळलं.”

  राहुलची खुर्ची फरशीवर जराशी मागे सरकली. त्याने मुद्दाम सरकवली असेल किंवा नसेल, पण वाल्मिकने तो आवाज ऐकला.

“वाल्मिकभाऊ,” बन्सीलाल खालच्या आवाजात म्हणाला, “हे म्हणजे ते... रगतपिती तर नाही?”

“माहीत नाही. सकाळी रांगेतून पळून आलो.”

“असली तर असली,” हर्षदा म्हणाली. “आमच्या बाजूच्या मावशीला झालेली. गोळ्या खाल्ल्या, आता साड्या नेसवायच्या क्लासला शिकवतात. आणि नसेलही. नस दबली असेल. पण काका, दाखवायला तर पाहिजे ना!” तिचा आवाज रागावल्यासारखा झाला होता.

बन्सीलालने पंडितच्या हातातून फोन घेतला. “सेठ, पीस बराबर छे. भूल अमारी छे,” असं दोनदा सांगितलं आणि फोन ठेवला. मग त्याने डोकं खाजवलं. माणूस वाईट नव्हता, पण दुकानदार होता. “मग आता घ्यायचं काय? मशीन की हे?”

“मला नका विचारू,” वाल्मिक म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो असं म्हणत होता. “तिला विचारा. तिच्या हाताला कळतं.”

हर्षदाने कंट्रोलर खाली ठेवून दिला. राहुलनेही तो उचलला नाही. वाद जिंकायची इच्छाच कोणाला उरली नव्हती.

वाल्मिक दाराकडे निघाला. दवाखाना बंद व्हायला अजून तासभर होता. पंडितच्या बाजूने जाताना तो अंग चोरून, भिंतीला लागून गेला, त्याला आपला स्पर्श होऊ नये म्हणून. पण पंडित मध्येच उभा राहिला.  त्याने दोन्ही हातांनी वाल्मिकचा तो उघडा, जळका उजवा हात गच्च धरला.

“काका,” एवढंच म्हणाला.

वाल्मिक खाली बघत राहिला. पंडितचे दोन्ही हात त्याच्या हाताभोवती होते. त्याचा अंगठा वाल्मिकच्या तर्जनीवर दाबलेला होता, हे दिसत होतं. त्या हातांची ऊब फक्त करंगळीला लागत होती.

त्याने हात सोडवून घेतला नाही.